पाटीच्या गावातली नवमी

माझे भाऊजी उल्हास सबनीस यांना काहीही सांगा, ते ‘ठीक आहे’ म्हणतात. आमटी करपली, ठीक आहे. विमान पाच तास लेट, ठीक आहे. जानेवारीत माझी मोठी बहीण मृणालिनी गेली, तेव्हा डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितल्यावरही ते ‘ओके’ म्हणाले. म्हणजे तेच, फक्त इंग्रजीत. हे मला त्यांच्या मुलीने, उर्वीने, फोनवर सांगितलं. मी तेव्हा नागपुरात व्हिसाची वाट बघत बसले होते आणि व्हिसा मिळाला मे महिन्यात. सख्ख्या बहिणीचं शेवटचं दर्शन मी मोबाइलवर घेतलं. त्या एवढ्याशा पडद्यावर मला जास्त करून दिसत राहिलं ते भाऊजींचं कोरडं तोंड. कुठल्यातरी पुलाच्या उद्घाटनाला आल्यासारखे ते हात मागे बांधून उभे होते. त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर राग होता, आणि तो मी ऑगस्टमध्ये बॅगेत भरून अमेरिकेला घेऊन आले.

पुलाचं मी उगाच म्हटलं नाही. भाऊजी स्ट्रक्चरल इंजिनिअर. पस्तीस वर्षं त्यांनी न्यू जर्सीतले पूल तपासले. पुलाखाली उभं राहायचं, वर बघायचं, भेग दिसली की वहीत लिहायची. घर आयसेलिनला, भारतीय दुकानांपासून चालत दहा मिनिटांवर. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी माणूस अजून तपासणीवरच असल्यासारखा. म्युझियममध्ये गेले तर पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत सगळं वाचणार, दाराजवळची ‘आग लागल्यास’ही सोडणार नाहीत. मृणाल म्हणायची, ह्यांच्याबरोबर ताजमहाल बघायला गेले आणि हे शौचालयाकडे जाणारे बाण मोजून आले.

मी इतिहासाची शिक्षिका होते, आता पेन्शनीत. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर वेळ मिळाला नाही म्हणून सांगते.

मृणालला शेवटचं दुखणं कळलं तेव्हा तीन महिने हातात होते. त्यात तिने भाऊजींना कामांची यादी लिहून दिली होती. पैठणी कुणाला, मिक्सर कुणाला, मंडळाच्या कपाटाची किल्ली कुणाकडे, उर्वीला बाळंतपणात काय पाठवायचं. भाऊजी एकेक काम करत गेले आणि एकेक ओळ खोडत गेले. मी आले तेव्हा दोनच कामं उरली होती. एक होतं ‘वेल्श वीकेंडला जाऊन या, दोघांची नावं नोंदवली आहेत’. दुसरं होतं नवमी.

नवमीचं तिने मलाही फोनवर सांगितलं होतं. “श्राद्धबिद्ध काही नको ग. अविधवा नवमीला एक सवाष्ण पोटभर जेवू घाला म्हटलंय ह्यांना. एकदाच, पहिल्या वर्षी. पण त्यांच्या हातचं. केटरिंगचं नको. तू असशील तर बघ.” नवऱ्याच्या आधी जी बाई जाते तिच्या नावाने पितृपक्षातल्या नवमीला नवरा हयात असलेली बाई जेवू घालतात, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गुरुजी म्हणाले, पहिल्या वर्षी करत नाहीत, वर्षश्राद्ध होऊ द्या. भाऊजी म्हणाले, तिने पहिल्या वर्षी म्हटलंय. विषय संपला. मृणालने उभ्या आयुष्यात मागितलेलं हे एवढंच, आणि ते नीट व्हावं म्हणून मी साडेआठ हजार मैल आले होते. माझा शास्त्रावर फारसा विश्वास नाही. पण बहिणीवर होता.

सवाष्ण ठरली होती. पलीकडच्या गल्लीतली स्वानंदी, पुण्याची, आयटीतली, चटपटीत मुलगी. नवमी सोमवारी होती. मी नागपूरहून येताना भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळी करून आणलं होतं आणि स्वयंपाकघरात टांगून त्या सोमवारभोवती लाल पेनाने गोल केला होता. स्वानंदीने सोमवारी सुट्टी टाकली.

आणि त्याच्या आदल्या शनिवारी-रविवारी हा वेल्श वीकेंड, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्समधून आलेल्यांच्या वंशजांचा मेळावा; मागच्या वर्षी दोघं जाऊन आले तेव्हाच मृणालने पुढच्या वर्षीची नावं नोंदवली होती. पितृपक्षात हिंडायला जायचं मला पटत नव्हतं, मी तसं बोलूनही दाखवलं. भाऊजी म्हणाले, “रविवारी संध्याकाळी परत येऊ. सोमवारी नवमी. ठीक आहे.” बायको जाऊन आठ महिने होताहेत आणि हा माणूस सहलीला निघतो, हे मी मनात ठेवलं. चार तास गाडीत बसून मी नुसतं ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलले.

गाव व्हरमाँटच्या सीमेवरचं. तिथे जमिनीतून पाटीचा दगड निघतो, आपण ज्यावर ‘अ आ’ गिरवला तोच, पण जांभळा, हिरवा आणि लालसुद्धा. अख्ख्या गावाची छपरं पाट्यांची. दीडशे वर्षांपूर्वी वेल्समधल्या खाणींतले लोक इथे आणले गेले, कारण दगड इथे होता आणि तो चिरायचा कसा हे इथल्या कुणाला माहीत नव्हतं.

“एच-वन व्हिसा,” भाऊजी म्हणाले. हा विनोद असावा. पण त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं, म्हणून मी हसले नाही.

चर्चच्या दारात टेबल मांडलं होतं. तिथल्या बाईने यादीत बघितलं, ‘सबनीस, दोन’ म्हणाली आणि छापलेल्या नावांच्या दोन पट्ट्या पुढे केल्या. एकीवर उल्हास, एकीवर मृणालिनी. मी भाऊजींकडे बघितलं. त्यांनी दुसरी पट्टी उचलली, मागचा कागद सोलला आणि माझ्या हातात दिली. मी ती पदरावर लावली, कारण मागे रांग होती. दिवसभर लोक माझ्या छातीकडे बघून ‘मृणालिनी’ म्हणत होते आणि मी मान हलवत होते.

म्युझियममध्ये एका म्हाताऱ्या कारागिराने दगड चिरून दाखवला. जाड चिपेच्या कडेला छिन्नी लावली, वर हलकेच टोला दिला, आणि चीप वहीच्या पानांसारखी सुटी झाली. भाऊजींनी विचारलं की दगड चिरायच्या आधी ओला का ठेवतात. तो म्हणाला, वाळला की मग नीट चिरत नाही, वेडावाकडा फुटतो. भाऊजींनी मान डोलावली आणि पुढची पाटी वाचायला गेले. मी मात्र तिथेच उभी राहून ह्या लोकांचा विचार करत होते. आले, चर्च बांधलं, आपल्या भाषेत गाणी म्हटली, आणि तिसऱ्या पिढीला ती भाषा वाचताही येईना. आयसेलिनच्या मराठी मंडळात पोरं गणपतीची आरती रोमन अक्षरांतून म्हणतात; आपल्यावर ही वेळ यायला अजून साठ वर्षं तरी हवीत असं मला वाटायचं. नकोत.

चर्चच्या तळघरात खाण्यापिण्याची सोय होती. लीक नावाच्या कांद्याच्या पातीच्या थोरल्या भावाचं सूप, चहात भिजवलेल्या बेदाण्यांचा पाव, आणि एका भल्या मोठ्या तव्यावर वेल्श केक. केक म्हणजे नावालाच. मैदा, साखर, बेदाणे, जायफळ घालून मळायचं, लाटायचं, वाटीने गोल कापायचं आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायचं. दशमी आणि नानकटाई यांच्या मधली वस्तू. तव्यामागे एक ऐंशीच्या घरातली बाई उभी होती, कमरेला एप्रन, पांढऱ्या केसांचा बॉबकट, हाताला पीठ. ग्वेन प्रिचर्ड. तिने माझी पट्टी वाचली आणि उलथनं खाली ठेवलं.

“तू मृणालिनी नाहीस,” ती म्हणाली. आदल्या वर्षी मृणाल अख्खी दुपार हिच्याजवळ ह्या तव्याशी उभी होती. केकमध्ये डुकराची चरबी घालतात हे कळल्यावर तिने खाल्ला नव्हता, पण लाटायला मात्र मदत केली होती. ग्वेनने टेबलाखालून एक डबा काढला. “हे लोण्यातले आहेत. खास तिच्यासाठी वेगळे केलेत. कुठे आहे ती?”

“ही तिची बहीण, सुमेधा,” भाऊजी म्हणाले. “मृणालिनीला यायला जमलं नाही.”

जमलं नाही. तिथेच त्यांना सुनवावंसं वाटलं. पण परक्या ठिकाणी तमाशा नको म्हणून मी एक केक खाल्ला. चांगला होता. भाऊजींनीही खाल्ला, कागद खाल्ला असता तरी तोंड असंच राहिलं असतं. ग्वेन बोलत होती. “एमरिसला जाड आवडतात. मी त्याला सांगते, जाड ठेवले की आतून कच्चे राहतात. पण ऐकेल तर शपथ.” निघताना तिने मला लीकची एक जुडी दिली.

रविवारी सकाळी आठला मोटेलच्या खोलीत फोन वाजला. स्वानंदी होती.

“मावशी, सॉरी, मोठा घोळ झालाय. मी आत्ता ग्रुपवर गुरुजींचा मेसेज बघितला. नवमी आज आहे.”

“उद्या आहे. कॅलेंडरवर आहे.”

“तेच ना. ते कॅलेंडर इंडियाचं आहे. इथे तिथी आज सकाळीच लागली आणि उद्या पहाटे संपतेय. तिकडचं टाइम इकडे चालत नाही, मावशी.”

मी पलंगावर बसले. तिथी टाइम झोनप्रमाणे बदलते हे मी, सदतीस वर्षं शिक्षिका, विसरले होते. भाऊजींनी विचारलं होतं की इथलं पंचांग बघू का, आणि मीच त्यांना म्हटलं होतं, पंचांग ते पंचांग, त्यात इथलं-तिथलं काय.

“मग तू आज ये. आम्ही निघतो लगेच.”

“आज मला ऑलरेडी दोन घरी बोलावलंय. मी सोमवार तुमचा म्हणून आज दोघींना येस म्हणून बसले. मंडळातल्या उल्काकाकू पण बुक्ड आहेत. आज सगळ्याच बुक्ड आहेत यार.”

आयसेलिनमध्ये सवाष्णींचा तुटवडा पडू शकतो हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. मी फोन ठेवला आणि शेजारच्या खोलीचं दार वाजवलं. भाऊजींना सगळं सांगितलं, चूक माझी हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मी ‘ठीक आहे’ची वाट बघत होते. ते म्हणाले, “किती वाजेपर्यंत वाढावं लागेल?”

“दुपारी. फार तर तीन.”

“म्हणजे सात तास,” ते म्हणाले आणि किल्ली घेऊन बाहेर गेले.

मराठी माणूस अमेरिकेत कुठेही जाओ, डिकीत राइस कुकर असतोच. भाऊजींच्या डिकीत कुकर, इंडक्शनची शेगडी, तांदूळ, डाळ, मिसळणाचा डबा आणि आमसुलंही होती. रस्त्यापलीकडे एक शेतकरीण भोपळे विकत होती, तिच्याकडून भोपळा आला, पंपावरच्या दुकानातून दूध, साखर आणि लिंबू. लीक मी बाजूला ठेवायला लावलं. कांद्याच्या नात्यातलं काही ह्या दिवशी चालत नाही.

“सवाष्ण कुठून आणणार?” मी विचारलं.

“ग्वेन,” ते भोपळा चिरत म्हणाले.

“ती ख्रिश्चन आहे.”

“मृणाल सवाष्ण म्हणाली होती. बाकी काही म्हणाली नव्हती.”

“पण नवरा आहे का तिचा? विचारायचं कसं?” आपल्याकडे कपाळ बघितलं की कळतं. इंग्रजीत ‘तुमचे यजमान आहेत ना’ असं विचारायची सोयच नाही.

“बोटात अंगठी आहे. आणि काल म्हणाली, एमरिसला जाड आवडतात.”

दोन पुरावे. इतिहासात मी याहून कमी पुराव्यांवर राजांची लग्नं लावली आहेत. मी मान्य केलं.

मग तीन तास त्यांनी त्या खोलीत स्वयंपाक केला. मी मदतीला उठले तर म्हणाले, “माझ्या हातचं म्हणालीय ती. तू नुसतं सांग.” मी पलंगावर बसून सांगत होते आणि ते करत होते. फोडणी देताना धुराचा भोंगा वाजेल म्हणून मी त्यावर टॉवेल टाकायला सांगितला, तर इंजिनिअर साहेबांनी नकार दिला. खिडकी उघडून वेल्श वीकेंडच्या माहितीपत्रकाने ते वारा घालत बसले. खीर त्यांनी जन्मात केली नव्हती. दूध उतू गेलं, पुसलं, पुन्हा आणलं. वेलदोडे त्यांनी कुटले ते पाण्याच्या बाटलीच्या बुडाने. साठ-सत्तर वर्षांचा माणूस इतकं मन लावून काही करतो तेव्हा त्याच्यावर राग धरून बसणं अवघड जातं. तरी मी धरला होता.

दोन वाजता चर्चमध्ये समूहगायन संपायचं होतं. आम्ही मागच्या बाकावर जाऊन बसलो. दोनएकशे माणसं, चार सुरांत, पुस्तकात बघून. शेवटचं कडवं संपलं की समोरचा माणूस हात वर करी आणि सगळे पुन्हा तेच कडवं म्हणत, मग पुन्हा. भजनात ध्रुवपद घोळवतात तसं. बायका डोळे पुसत होत्या. भाऊजी मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसले होते. कुकर गरम होता.

चर्चच्या मागे झाडाखाली लाकडी टेबल होतं. ग्वेनला आम्ही तिथे बसवलं. भाऊजी तिला म्हणाले, “आमच्याकडे ह्या दिवशी एका स्त्रीला जेवायला घालतात. मानाने.”

“आणि ती मी?”

“हो.”

“मला आजवर कुणी मानाने जेवायला घातलेलं नाही,” ती म्हणाली. “मीच घालत आलेय.” तिने एप्रन काढून घडी केली आणि बाकावर ठेवला.

कागदी ताटलीत मीठ, लिंबू, आमसुलाची चटणी, भोपळ्याची भाजी, वरणभात, वाटीत खीर. कशाच्या डाव्या हाताला काय, हे मी पुटपुटत होते आणि भाऊजी वाढत होते. ग्वेन सगळं जेवली. भोपळ्याने तिच्या डोळ्यांत पाणी आलं पण भाजी तिने टाकली नाही. खीर दोनदा घेतली. “तुम्ही?” तिने विचारलं. “नंतर,” भाऊजी म्हणाले. ते तिच्या समोर उभेच होते, वाटी रिकामी होते का बघत.

जेवण झाल्यावर मी पर्समधल्या करंड्यातलं हळदीकुंकू तिला लावलं. ओटीत स्वानंदीसाठी नागपूरहून आणलेलं, पर्समध्येच राहिलेलं नवं खणाचं कापड, तांदूळ, आणि नारळाच्या जागी तिथलंच एक सफरचंद. झालं. मृणालचं काम झालं असं मला वाटलं आणि इतकं हलकं वाटलं की मी भाऊजींकडे बघून हसले. ते हसले नाहीत.

ग्वेन कपाळाला हात न लावता उठली. “चला, एमरिसला दाखवते,” ती म्हणाली. “इथेच आहे.”

मला वाटलं तिचं घर चर्चमागे असेल. ती पुढे, आम्ही मागे. कुंपणाचं फाटक उघडून ती दफनभूमीत शिरली, आणि तरी मला कळलं नाही. इथून पायवाट असेल म्हटलं. जांभळ्या पाटीच्या एका उंच दगडापाशी ती थांबली. वरच्या ओळीत एमरिस प्रिचर्ड, जन्माचं साल आणि मृत्यूचं साल. त्याला अकरा वर्षं झाली होती. खाली ग्वेनचं नाव, तिच्या जन्माचं साल, एक आडवी रेघ, आणि त्या रेघेपुढे काही नाही.

“बघ, काय केलंय मला,” ती दगडाला म्हणाली.

चाळीसहून जास्त वर्षं अमेरिकेत काढलेल्या माणसाला इथल्या बायका नवरा गेल्यावरही अंगठी काढत नाहीत हे ठाऊक नसावं, आणि मला, इतिहासाच्या बाईला, विचारावंसं वाटू नये. मृणालने एकच गोष्ट मागितली होती. भाऊजी मात्र म्युझियममधल्यासारखे तो दगड पहिल्या अक्षरापासून वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी रेघेपुढच्या कोऱ्या जागेकडे बोट दाखवलं.

“ती माझी,” ग्वेन म्हणाली. “नंतर पोरांना त्रास नको.”

“मृणालिनी गेली,” भाऊजी म्हणाले. “जानेवारीत. एकोणीस तारखेला.”

त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. ग्वेनने त्यांच्याकडे नीट बघितलं. “काल तू म्हणालास, तिला जमलं नाही.”

“हो. नाही जमलं.”

मग त्यांनी तिला नवमी समजावून सांगितली. रिपोर्ट देतात तशी, क्रमाने. नवऱ्याच्या आधी गेलेली बाई, तिच्या नावाने जेवण, जेवायला बसते ती कोण, का. शेवटापर्यंत आले आणि दगडाकडे बघून थांबले. ग्वेनच्या लक्षात आलं. तिने कपाळाकडे हात नेला, पण कुंकू पुसलं नाही.

“म्हणजे मी चुकीची होते,” ती म्हणाली.

आमची आई पंचवीस वर्षं विधवा होती. नवमीला शेजारपाजारच्या तिला पुरण वाटायला बोलवायच्या, कारण तिच्यासारखं पुरण गल्लीत कुणाचं होत नसे. पानावर बसायला कधी बोलावलं नाही. सगळ्या उठल्यावर ती स्वयंपाकघरात पाटावर बसून उरलेलं जेवायची, आणि आम्ही दोघी बहिणी दारातून बघायचो. मला ते त्या क्षणी इतकं लख्ख आठवलं की मी जवळजवळ ओरडलेच, “नाही. तुम्ही चुकीच्या नव्हता.”

भाऊजी माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, “सुमेधा, परत करावं लागेल का? तिथी पहाटेपर्यंत आहे. खीर उरलीय. मी शोधू शकतो कुणीतरी.” आवाज नेहमीचाच, सपाट. हा माणूस खरंच मोटेलच्या लॉबीत उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना नवरा आहे का म्हणून विचारत बसला असता.

“काही शोधू नका. ह्या बाई पोटभर जेवल्या. तुमच्या हातचं जेवल्या. मृणालचं झालं.”

“झालं?”

“झालं.”

त्यांनी दगडावरची नावं पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, “म्हणजे आता तिचं काही राहिलं नाही.”

“काय राहिलं नाही?”

“करायचं. तिने सांगितलेलं सगळं संपलं.”

आठ महिने मी ह्या माणसाला दगड म्हणत होते. तो तिने सांगून ठेवलेली कामं एकेक करून, जपून, पुरवून पुरवून संपवत होता, आणि शेवटचं मी नुकतंच ‘झालं’ म्हणून त्याच्या हातातून काढून घेतलं होतं. मला माझीच लाज वाटली.

“भाऊजी,” मी म्हटलं, “नवमी दरवर्षी असते. नवरा असेपर्यंत करायची असते.”

“ती एकदाच म्हणाली होती.”

“तुमची दया आली म्हणून म्हणाली असेल. मी सांगते ना. पुढच्या वर्षी करायची, त्याच्या पुढच्या वर्षी करायची. इथेच यायचं. ह्यांनाच बसवायचं पानावर. खीर तुम्हीच करायची, आणि ह्या वर्षीची पातळ झाली होती.”

“दरवर्षी,” ते म्हणाले.

“दरवर्षी. सुटका नाही.”

त्यांनी हात पुढे करून दगडाची कड धरली. मग गुडघे टेकत खाली गवतावर बसले आणि रडायला लागले. आवाज न करता नाही, चांगलं मोठ्याने. चर्चपाशी उभी असलेली दोन-चार माणसं वळून बघू लागली आणि मग शहाण्यासारखी दुसरीकडे बघू लागली.

“काय सांगितलंस त्याला?” ग्वेनने मला विचारलं.

“जिवंत असेपर्यंत दरवर्षी येऊन तुम्हाला जेवायला घालायचं, असं सांगितलं.”

“बरं केलंस,” ती म्हणाली. एक हात दगडावर ठेवून ती हळूहळू खाली झाली आणि त्यांच्या शेजारी गवतावर बसली. कपाळावरचं कुंकू घामाने नाकापर्यंत आलं होतं. तिने मला खुणेने बस म्हटलं. मी बसले, आणि मला रडू आलं. मृणाल गेल्यापासून पहिल्यांदाच, हे मला तिथे बसल्यावर कळलं.